‘चालेल’चा शिक्का

तमाम वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खाद्यपदार्थांच्या डब्यांवर, बाटल्यांवर आणि पाकिटांवर छापला जाणारा ‘शुद्ध’ हा शब्द दीर्घ आजाराने वारला आहे. मी स्वतः त्याची नाडी पाहिली आहे. दुखवट्याची सभा घेऊ नये, कारण ज्यांनी त्याला मारलं तेच अजून तो छापतात आणि आपण तो वाचून अजून पाकिटं विकत घेतो.

घोषणा संपली. बसा.

ही घोषणा करायचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. सांगते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हा मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीला होते. हुद्दा होता ‘आहार-तपासनीस (आयोडीन)’. कंसासकट. गिरगावात घरी हे सांगितलं तेव्हा वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “म्हणजे लोकांच्या डब्यात नाक खुपसायचं. ते तू आजवर फुकट करत होतीस.”

धंदा समजावून सांगते. आपल्या कंठाखाली एक छोटी ग्रंथी असते. अन्नातलं आयोडीन टिपायचं आणि त्याचा एक रस बनवायचा, एवढंच तिचं काम. पण कधी कधी ती चेकाळते. मग माणूस भरपूर खातो आणि तरी वाळतो, हात थरथरतात, डोळे बाहेर येतात, छाती धडधडते आणि एक दिवस हृदय हात टेकतं. त्यावर उपाय दोन. पहिला, गळा उघडून ग्रंथी कापायची. दुसरा तेव्हा अगदी नवा होता. किरणं सोडणारं आयोडीन पाण्यातून पाजायचं. ग्रंथी ते हावरटासारखं ओढून घेते आणि आतल्या आत जळते. गळ्यावर चरासुद्धा उठत नाही.

पण त्यासाठी ग्रंथी आधी उपाशी हवी. तीन आठवडे आयोडीनचा कण पोटात जाता कामा नये. नाहीतर जेवून आलेल्या पाहुण्यासारखी ती ताटाकडे ढुंकून बघत नाही आणि औषध लघवीवाटे निघून जातं. औषधाची कुपी विमानाने येई आणि आठ दिवसांत तिचं बळ निम्मं होई. म्हणून आधी एक चाचणीचा घोट देत. दुसऱ्या दिवशी रोग्याच्या गळ्याशी यंत्र धरत. यंत्र भराभर टकटकलं की ग्रंथी भुकेली आहे. मंद टकटकलं की रोग्याने काहीतरी खाल्लं आहे, आणि ते काय हे शोधायला मला धाडत.

मासळी बंद, अंडी बंद, वडाळ्याच्या मिठागरातलं मीठ बंद. हे सांगणं सोपं होतं. खरी लबाडी पाकिटात असे. शुक्रवारी रोगी आपापल्या घरातली पाकिटं, पुड्या, बाटल्या घेऊन माझ्या टेबलापुढे रांग लावत. माझ्याकडे एका बाटलीत आम्ल, दुसरीत जखमा धुवायचं पेरॉक्साइड आणि तिसरीत तांदळाची पेज. पदार्थ पाण्यात कालवायचा, दोन्हीचे थेंब टाकायचे, वरून पेज. आयोडीन मोकळं असेल तर पेज निळी होते. गिरगावातल्या एका आजीबाईंचं खोकल्याचं चाटण मी असं तपासलं. बाटलीवर लिहिलं होतं, ‘केवळ वनौषधी’. पेज शाईसारखी निळीशार झाली. आजीबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, चमत्कार झाला. मीही तो समज दूर केला नाही.

रंगातलं आयोडीन मात्र या पेजेला दिसत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतले एक निवृत्त साहेब बिस्किटांचा विलायती डबा घेऊन आले. बिस्किटांवर लालचुटुक चेरी. त्या लाल रंगात आयोडीन घट्ट बांधलेलं असतं हे मला मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं.

“हा डबा विलायतेचा आहे,” साहेब म्हणाले. जणू तिथे रसायनशास्त्र लागू नाही.

“चालणार नाही.”

“पण तुमची पेज तर पांढरीच राहिली की!”

“पेज अडाणी आहे, साहेब. मी नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले.

माझ्याकडे दोन रबरी शिक्के होते, गिरगावातल्या शिक्केवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेले. एक ‘चालेल’, जांभळ्या शाईतला. दुसरा ‘चालणार नाही’, लाल शाईतला. मी शिक्का खांद्यापर्यंत उचले, रांगेवरून एकदा नजर फिरवी आणि मग दाणकन पाकिटावर हाणी. रांगेतली माणसं दचकत. मला फार बरं वाटे.

त्याहून मोठा अभिमान होता तो माझ्या युक्तीचा. रोग्यांना लांबलचक यादी पाठ होत नसे. मग मला सुचलं: उपवासाला जे चालतं ते चालेल! उपवासाला मासळी नाही, मीठ म्हणाल तर सैंधव, पाव-बिस्किट नाही. यादी घराघरात तोंडपाठ. दूध-दही तेवढं बेताने घ्या, की झालं. मोठे डॉक्टर फारसे बोलत नसत, पण तेही “बरं आहे” म्हणाले. मी हवेतच चालू लागले.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका बाईंनी मात्र माझी युक्ती तिथल्या तिथे परत केली. त्यांच्या घरी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली होती. “आम्ही उपासतापास सोडले, बाई,” त्या म्हणाल्या. “काय खाऊ ते सरळ लिहून द्या.” मी जरा नाक मुरडूनच लिहून दिलं: घरच्या दळणाची भाकरी, तुरीचं वरण, भोपळा, सैंधव. पाकिटातलं काही नको. त्यांचं यंत्र पहिल्या खेपेलाच धडाधड टकटकलं. यातून मी काही धडा घ्यायला हवा होता. मी घेतला नाही.

आणि मग आल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई मालवणच्या, राहायला लालबागला, कामाला गिरणीत रिळांच्या खात्यात. यंत्रांच्या गोंगाटावर आवाज चढवून चढवून त्यांचा गळा असा तयार झाला होता की, त्या दुसऱ्या मजल्यावर बोलल्या की मला तळमजल्यावर ऐकू येई. चळवळीत बायकांच्या मोर्च्याच्या पुढे त्याच असत. त्या अर्धी घोषणा देत, मागच्या शेकडो बायका उरलेली अर्धी. आता ग्रंथी चेकाळली होती. बाई वाळून काठी झालेल्या, डोळे वटारलेले, दोन जिने चढल्या की छातीचा भाता. मोर्चा बंद होता. सर्जन म्हणाले, कापू. पण ग्रंथीच्या मागूनच आवाजाची नस जाते. सुरी जरा सरकली तर आवाज गेला.

“गळ्याक सुरी मी लावूक देवचंय नाय,” द्वारकाबाईंनी सांगितलं. “जीव गेलो तर गेलो. आवाज गेलो तर मी जिती रवान करू काय?”

म्हणून त्या आमच्या खात्यात आल्या. मी युक्ती सांगितली. मालवणच्या बाईला तीन आठवडे मासळी नाही म्हणताना मलाच कसंतरी झालं. आमचंही घर मासे खाणारं. पण त्या म्हणाल्या, “आवाजासाठी करतंय.”

त्या नेमाने दर शुक्रवारी पाकिटं घेऊन येत. वऱ्याचे तांदूळ, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा आणि ‘तपस्विनी फराळी वडी’. (नाव मी बदललं आहे. खरं नाव याहूनही सोवळं होतं.) पाकिटावर डोळे मिटून बसलेली एक जटाधारी बाई आणि खाली तीन ओळी: ‘शुद्ध. सात्त्विक. केवळ वनस्पतिजन्य.’ आत लुसलुशीत, पांढरीशुभ्र, थरथरणारी वडी. पेजेचा रंग बदलला नाही. मी एक वडी चाखली. मग आणखी दोन. मग शिक्का उचलला. दाणकन. चालेल!

तीन आठवडे झाले. चाचणीचा घोट दिला. दुसऱ्या दिवशी यंत्र गळ्याशी धरलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा टक, उपकार केल्यासारखं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी द्वारकाबाईंकडे पाहिलं.

“सुकट की बांगडा?” मी विचारलं.

“बाई, देवाची शपथ. वाससुदीक घेवक नाय. शेजारीण तळी तेव्हा मी दार लावन बसलंय.”

“वासाने यंत्र गप्प बसत नाही, द्वारकाबाई. आणि मालवणच्या बाईने शपथ घेतली म्हणजे बांगडा काही पोटातून बाहेर येत नाही.”

नर्स हसल्या. माझं वाक्य मला आवडलं. ज्या बाईचा आवाज दोन मजले खाली ऐकू येई, ती गप्प उठून गेली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: ‘पथ्य मोडले. शस्त्रक्रियेकडे पाठवावे.’ सर्जनने सोमवार दिला.

पुरावा हवा म्हणून मी त्याच संध्याकाळी लालबागला निघाले. रस्त्यावर कुठेतरी दगडफेक झाली होती, बस बंद होत्या. परळहून चालत गेले. द्वारकाबाईंचे यजमान गणपतराव गोदीत हमाल होते. त्यांनी दार उघडलं, पाट मांडला, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता म्हटलं, “मला फळी बघायचीय.”

“बगा,” आतून द्वारकाबाई म्हणाल्या. “चुलीतली राखसुदीक चाळा.”

मी एकूण एक डबा खाली काढला. डाळींच्या तळाशी हात घातला. लोणच्याच्या बरणीत नाक घातलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतही डोकावले. सुकट नाही, जवळा नाही, समुद्राच्या मिठाचा खडा नाही. घर माझ्या इस्पितळाहून स्वच्छ होतं. दाराशी चाळ जमली होती. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “पोलिसातली गो ही?”

“नाय गो. खाण्यातली.”

मी घामाघूम होऊन उठले तेव्हा खिळ्याला अडकवलेली एक माळ दिसली. दोऱ्यात ओवलेली रिकामी पाकिटं. रिकामी पाकिटं टाकू नका, असा माझाच नियम होता. द्वारकाबाईंनी तो पाळला होता. एकवीस दिवस, एकवीस पाकिटं, सगळी ‘तपस्विनी’. दर शुक्रवारी आठवड्याची पाकिटं त्या एकदम आणत, म्हणून प्रत्येकावर जांभळा शिक्का. ‘चालेल’. ‘चालेल’. ‘चालेल’.

“दुसऱ्या कसल्याक चवच नाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांच गोड लागायचा. रोज एक पाकीट.”

गणपतराव माळेकडे बघत सहज म्हणाले, “चायनाग्रासची वडी असता ती. आमच्या गोदीत चायनाग्रासचे गठ्ठे येतत जपानातसून. खांद्यावर घेतलंय मां, की सगळो दर्याचो वास.”

“कसला वास?” मी विचारलं.

“दर्याचो. शेवाळ मां ता! दर्यातला शेवाळ सुकवन करतत.”

मी रसायनशास्त्राची पदवीधर. चायनाग्रास मी लहानपणापासून खात आले होते. तो कशापासून बनतो हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. समुद्राचं मीठ बंद, समुद्राचा मासा बंद, आणि समुद्रातलं शेवाळ मी रोज एक पाकीट याप्रमाणे शिक्का मारून त्या बाईला चारलं होतं. केवळ वनस्पतिजन्य! खोटं कुठे होतं? शेवाळ ही वनस्पतीच.

तरी खात्री हवी होती. वाटेत तपस्विनीची चार पाकिटं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत लोखंडी पळीत वड्या धुण्याच्या सोड्याबरोबर जाळल्या. जाळलं की बांधलेलं आयोडीन मोकळं होतं. हे विलायती बिस्किटांच्या वेळी शिकले होते, पण आपल्या उपवासाच्या वडीला कोण जाळतं? जटाधारी बाईला जाळायचं धाडस मला झालं नव्हतं एवढंच. राख पाण्यात ढवळली, गाळली, थेंब टाकले, पेज ओतली. आणि ती अडाणी पेज सावकाश, शांतपणे, निळी झाली.

आता खरं सांगते. पाच मिनिटं मी त्या निळ्या पेजेसमोर उभी राहून एकच विचार करत होते: हे कोणाला कळायची काय गरज आहे? केसपेपरवर लिहिलेलं आहेच. मालवणची बाई, मासे खाल्ले असतील, सगळ्यांना पटलेलं आहे. सोमवारी सर्जन कापतील. नस वाचलीही असती कदाचित. पेज मोरीत ओतली की संपलं.

मग मी ती परीक्षानळी आणि पाकिटांची माळ घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. बाहेर रोग्यांची रांग, आत दोन नर्स, एक सर्जन. मी सगळं सांगितलं. जितक्या मोठ्याने मी सुकट की बांगडा विचारलं होतं, तितक्याच मोठ्याने.

डॉक्टरांनी माळ हातात घेतली. एक एक शिक्का वाचला. मग म्हणाले, “शिक्के कुठे आहेत?”

मी दोन्ही टेबलावर ठेवले. त्यांनी ‘चालेल’ उचलला, खणात टाकला, खणाला कुलूप लावलं. “यापुढे एकच,” ते म्हणाले आणि केसपेपरवरची ओळ खोडली. सोमवार रद्द झाला. पुढची कुपी तीन आठवड्यांनी येणार होती.

हे मला लालबागला जाऊन सांगायचं होतं. शपथेवर सांगते, एवढं अवघड काम मी नोकरीत दुसरं केलं नाही. द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे बांगडो मी खावक नाय.”

“नाही.”

“आणि तू माका लबाड म्हटलंस. नर्सांसमोर.”

“हो.”

“आणखी तीन आठवडे?”

“हो.”

त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “मी करीन. पण तूय करूचा. मी जा खातंय ता तू खायचा. एकटीन नाय होवचा आता माझ्याच्यान.”

म्हणून मी केलं. गिरगावातल्या आमच्या घरी पापलेटं तळली जात होती आणि मी बीडीडी चाळीतल्या त्या बाईंना सरळ लिहून दिलेली यादी समोर ठेवून भाकरी-भोपळा खात होते. वडील एक दिवस म्हणाले, “आता कुठे तू कामाला लागलीस.” रोज संध्याकाळी मी लालबागला जाई. एकमेकींचं ताट बघून आम्ही शिव्या देत असू. भोपळ्याला, सैंधवाला, तपस्विनीला. त्या कारखानदाराला मी पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर आलं: ‘आमच्या ग्राहकांच्या श्रद्धेचा आपण आदर करावा.’ सोबत भेट म्हणून एक पाकीट. ते मी लाल शिक्का मारून परत पाठवलं. असा उर्मटपणा मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिला नाही, आणि मी गिरगावात वाढलेली बाई आहे.

तीन आठवड्यांनी यंत्र पुन्हा गळ्याशी धरलं. पत्र्यावर तांदूळ ओतल्यासारखा आवाज झाला. तेव्हा कुपी फोडली. द्वारकाबाई ग्लासातलं पाणी एका घोटात प्यायल्या आणि म्हणाल्या, “ह्याका तर कसलीच चव नाय.”

मग वाट बघणं. हे औषध सावकाश काम करतं. महिना गेला, दुसरा गेला. त्यांचं वजन चढू लागलं, हात थांबले. पण औषध घेतल्यापासून आवाज मात्र बसला होता. डॉक्टर म्हणत, सूज आहे, उतरेल. मी मान हलवी, आणि रात्री मला एकवीस शिक्के दिसत. मासळी खायची परवानगी केव्हाच मिळाली होती, पण द्वारकाबाई खाईनात. “आवाज इल्याशिवाय नाय,” असं घोगऱ्या आवाजात म्हणाल्या होत्या. मग त्या इस्पितळात यायच्याही बंद झाल्या.

एका दुपारी परळच्या रस्त्याने मोर्चा आला. मी आणि मोठे डॉक्टर गॅलरीत उभे होतो. मुठी उंच धरलेल्या बायका, आणि सर्वांत पुढे एक ठसठशीत बाई, पदर खोचलेली. मला आधी ओळखू आली नाही. इतकी भरली होती. मग तिने तोंड उघडलं, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...” आणि आमच्या गॅलरीच्या काचा हलल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते असं कधी करत नसत.

तेवढ्यात तिची नजर वर गेली. ती मध्येच थांबली, मला हात दाखवला आणि त्याच पट्टीत, घोषणेच्याच चालीवर ओरडली. मागच्या शेकडो बायकांनी नीट न ऐकता, सवयीने, “झालाच पाहिजे!” असं उत्तर दिलं, आणि रस्ताभर हशा पिकला. त्या कशाला ‘झालाच पाहिजे’ म्हणाल्या, ते लिहून थांबते. द्वारकाबाई ओरडल्या होत्या:

“ओ शिक्केवाल्या बाई, आज बांगडो खावन इलंय!”